रिकाम्या परत आलेल्या बरण्या

आमच्या देवळाली कॅम्पात तोफेच्या आवाजाला कोणी दचकत नाही. सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदानं थरथरतात, कपबशा एकमेकींवर वाजतात आणि माणसं चहा पीत राहतात. साधनाबाईंच्या स्वयंपाकघरात जी तोफ आहे तिला मात्र सगळी गल्ली वचकून असते. तोफ म्हणजे त्यांचा कुकर. गुडघ्याच्या वर येईल एवढा उंच, झाकणाला सहा पेच आणि मधोमध दाब दाखवणारा काटा. तो तापायला लागला की साधनाबाई शेजारच्या पोरांना अंगणातून हाकलतात, गॅससमोर स्टुलावर बसतात आणि काम संपेपर्यंत त्या काट्यावरून नजर हलवत नाहीत. दारात कोणीही आलं तरी ‘थांबा’ एवढंच म्हणतात. एकदा माझ्यासाठी स्थळ घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी असंच ताटकळत ठेवलं आणि तो कंटाळून निघून गेला. त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, असं मी त्यांना अधूनमधून ऐकवत असतो.

मी बहिरू. कॅम्पच्या बाजारात वजनकाटे दुरुस्त करतो आणि साधनाबाईंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. दर डिसेंबरात कुकरचा काटा काढून, दुकानात नेऊन तपासायचं काम माझ्याकडे असतं. काटा एका रेघेनेही चुकत नाही असं मी सांगितलं की बाई म्हणतात, ‘नीट बघितलंत ना, बहिरूभाऊ?’ मग मी पुन्हा बघितल्यासारखं करतो. जानेवारीत मटार, गाजर, फरसबी निघाली की तोफ गॅसवर चढते. मटारच्या बरण्या, गाजराच्या बरण्या, मिसळ भाज्यांच्या सूपच्या बरण्या. कोठीच्या खोलीत भिंतभर फळ्या आहेत आणि प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते, भाजीचं नाव आणि तारीख. पावसाळ्यात बाजारात भाजीला हात लाववत नाही तेव्हा त्यांच्याकडे हिरवेगार मटार असतात.

हे त्या कुठे शिकल्या, तर एका कर्नलच्या बंगल्यावर. नवरा सावळीराम अचानक गेला तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि योगिनी दोन वर्षांची. बंगल्यावर स्वयंपाकाचं काम मिळालं. कर्नलची बायको उत्तरेकडच्या डोंगरातली. तिकडे चार महिने बर्फ, म्हणून तिच्या माहेरी भाज्या बरणीत बंद करून ठेवायची रीत. तिने साधनाबाईंना सगळं शिकवलं आणि बदली झाली तेव्हा कुकर आणि बरण्यांच्या पेट्या यांनाच देऊन गेली.

जाण्याआधी तिने आणखी एक गोष्ट दिली. लोणच्याला आंबटपणा असतो, मीठ असतं, तेल असतं. मटाराला यातलं काही नाही. नुसत्या उकळत्या पाण्यात बरणी कितीही ठेवली तरी एक जंतू आत मरत नाही, त्याला दाबाचीच वाफ लागते. तो राहिला की हवाबंद बरणीत विष तयार होतं. बहुतेक वेळा वास येत नाही, रंग बदलत नाही, चवीला कळत नाही. खाल्ल्यावर आधी पापण्या जड होतात, मग एकाचे दोन दिसतात, मग घास गिळवत नाही, मग श्वास घेता येत नाही. तिच्या गावात एका घरातली चार माणसं घेवड्याच्या एका बरणीने गेली होती. नाकाने, डोळ्याने, जिभेने ओळखायचं नाही, फक्त काट्यावर भरवसा ठेवायचा, असं तिने सांगितलं. तेव्हापासून साधनाबाई भ्यायल्या त्या भ्यायल्याच.

‘एवढी भीती वाटते तर करता कशाला?’ असं मी एकदा विचारलं होतं. ‘भीती वाटते म्हणून बाया पोरं जन्माला घालायच्या थांबतात का?’ असं म्हणून त्यांनी मला गाजरं किसायला बसवलं. खरं कारण मला नंतर कळलं. सावळीराम गेला त्या आषाढात घरात मीठ-भाकरीपलीकडे काही नव्हतं आणि योगिनी कर्नलच्या बायकोने दिलेल्या बरण्यांवर वाढली. पोरीला खाऊ घालायचं म्हणजे बरणी भरायची, हे त्यांच्या हाडात गेलेलं आहे.

भीतीही तिथेच गेलेली. योगिनी नऊ वर्षांची असताना झाकण ढिलं झालेल्या बरणीतले चमचाभर मटार तिने खाल्ले. साधनाबाईंनी घशात बोटं घालून तिला ओकायला लावलं, मग ओट्यावर बसवलं आणि दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत दर तासाला डोळ्यांसमोर बोटं धरून विचारत राहिल्या, ‘किती बोटं?’ पोरीला काही झालं नव्हतं. गल्लीत मात्र पुढे कित्येक वर्षं पोरं योगिनीला बोटं दाखवून चिडवायची. मीही एकदा दाखवली होती, आज त्याची लाज वाटते.

आता रोशनबी. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, तीस वर्षांचा शेजार. साधनाबाई त्यांना आपा म्हणतात, योगिनी खाला म्हणते. दोन्ही घरांत एक नियम कडक पाळला जातो: शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. बरणी भरून सूप गेलं की ती बरणी शेवया घेऊन येते, नाहीतर खजूर, आणि अगदी काही नसलं तर मूठभर साखर तरी. मी एकटा माणूस, मी बरणी रिकामी परत केली तेव्हा साधनाबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

या वर्षी सात जानेवारीला बाईंनी मटार केले. नऊ-नऊच्या दोन खेपा, एकूण अठरा. पहिल्या खेपेतली एक बरणी कुकरमध्येच तडकली. उरल्या सतरा. गरम बरण्यांना रात्रभर हात लावायचा नसतो, म्हणून त्या टेबलावर टॉवेलखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चिठ्ठ्या लावायला बसल्या तर अठरा निघाल्या. मी तिथेच होतो. ‘एक फुटली होती ना?’ मी म्हटलं. बाई जरा थबकल्या. मग म्हणाल्या, ‘भरतानाच एक जास्त भरली असेल.’ कमी पडलं असतं तर त्यांनी घर उलटंपालटं केलं असतं. जास्त निघाल्यावर कोण शोधतं? अठराच्या अठरा बरण्यांवर एकाच तारखेची चिठ्ठी लागली. संक्रांतीला योगिनी आली आणि त्यातल्या बारा घेऊन गेली.

योगिनी हरसूलला शिक्षिका आहे. नवरा ज्ञानेश सर्वेक्षणाच्या कामाला आठ-आठ दिवस बाहेर असतो. सात महिन्यांची मुलगी आहे, तिला सगळे मनू म्हणतात. मनूचं उष्टावण झालं होतं, आणि निघताना साधनाबाईंनी लेकीला चार वेळा सांगितलं होतं, ‘मटार दहा मिनिटं खळखळ उकळ, मग कुस्कर, गाळ आणि तिला पातळ करून भरव.’

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी चहाला बसलो होतो. मागच्या दाराने रोशनबी आल्या. महिनाभर त्या नव्हत्या. नवऱ्याचं, शौकतभाईंचं, दुखणं वाढलं, दवाखाना झाला, मग मुलाकडे मालेगावला राहून ते बरे झाल्यावर आदल्या संध्याकाळी परतल्या होत्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि हसत म्हणाल्या, “साधना, तुला एक गंमत सांगायचीच राहिली. मटार कसे लागले?”

“कुठले मटार?”

“माझे गं. तू सूप दिलंस ना, त्या बरणीत भरून आणले होते. तू आंघोळीला होतीस. टेबलावर तुझ्या बरण्या होत्या, त्यांच्यात उभी करून गेले. मैं बोली, बघू हिला कळते का. मग ह्यांचं असं झालं, सांगायचंच राहून गेलं.”

साधनाबाईंच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली. “कशात केलीस, आपा?”

“पातेल्यात. बरणी बुडेल इतकं पाणी घातलं, वीस मिनटं उकळलं. झाकणाची चकती तू दिलेलीच होती, नवी. थंड होताना टक वाजली बघ, अगदी तुझ्यासारखी.” तीस वर्षं रोशनबींनी साधनाबाईंना बरण्या भरताना पाहिलं होतं. कुकर चढला की साधनाबाई सगळ्यांना बाहेर काढायच्या, त्यामुळे काटा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता; झाकण ढिलं असलं तरच बरणी बाधते, एवढंच त्यांना माहीत होतं.

बाईंनी गाळणी खाली ठेवली. उठून कोठीत गेल्या. मीही गेलो. सहा बरण्या राहिल्या होत्या त्यांतल्या दोन उघडून संपल्या होत्या. एक त्यांनी खाल्ली होती आणि एक मी, तीन दिवसांपूर्वी. चार समोर होत्या. चारही सारख्या, हिरव्या, झाकण खाली दबलेलं. त्यांनी एकेक हातात घेऊन खिडकीपाशी धरली आणि परत ठेवली.

“यात नसेल तर ती हरसूलला गेली,” त्या म्हणाल्या. 

मी माझी बरणी उकळली नव्हती. पोह्यांवर तशीच टाकून खाल्ली होती. हे मी त्या क्षणी कोणाला सांगितलं नाही, पण खिडकीतून विजेचे खांब किती दिसतात ते मोजलं. एकच दिसला. पुन्हा मोजला.

बाईंनी योगिनीला फोन लावला. लागला. स्पीकरवर होता, मी ऐकत होतो. “हॅलो, आई,” योगिनी म्हणाली, आणि तिचा आवाज जड होता, जीभ उचलत नसावी तसा. “नंतर बोलू का? डोळेच उघडत नाहीत गं. मनूही नुसती पडून आहे, काही गिळत नाहीये.” बाई ओरडल्या, “योगिनी, मटार खाल्लेस का?” पण फोन कटला होता. नंतर वीस वेळा लावला, वीस वेळा संपर्कक्षेत्राबाहेर. ज्ञानेशचा तसाच. मी मोबाईलवर संदेश पाठवला, त्यावर एकच टिक आली आणि तेवढ्यावरच राहिली. शाळेत लावला, रविवार, कोणी उचलला नाही.

ओळखीच्या एका डॉक्टरांना मी गल्लीत जाऊन फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, पापण्या जड आणि गिळता येत नाही म्हणता ना, मग एक मिनिट घालवू नका, थेट मोठ्या दवाखान्यात आणा, यावरचं औषध सगळीकडे नसतं. लहान बाळाचं काय, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

माझी जुनी ओम्नी काढली. साधनाबाई पुढे बसल्या. रोशनबी न विचारता मागे चढल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण न कळायला त्या काय लहान होत्या? नाशिक मागे पडलं तेव्हा त्या पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, “साधना, माझ्या बरणीत काय झालं?”

मला वाटलं, आता तीस वर्षांचा शेजार तुटणार. साधनाबाईंनी मागे न वळता सगळं सांगितलं. दाब, जंतू, पापण्या, सगळं. ओरडून नाही, पाढे म्हणावेत तसं. शेवटी म्हणाल्या, “सतराच्या अठरा झाल्या तेव्हा मी शोधायला पाहिजे होतं. तुझी चूक नाही. तुला मी कधी दाखवलंच नाही.”

रोशनबींनी पदर तोंडाला लावला. “उकळून खाल्लं असेल ना तिने?” त्या विचारत राहिल्या. “तू तर सगळ्यांना उकळायला सांगतेस. उकळलं की जातं ना?”

“जातं. उकळलं असेल तर.” कडेवर पोर, सकाळी शाळेची घाई. उकळलं असेल तर.

त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या गाड्यांची रांग लागली होती. अर्धा तास आम्ही जागचे हललो नाही. फुलवाले, बेलवाले काचेवर टकटक करत होते. साधनाबाई कळसाकडे बघून हात जोडत नव्हत्या. मांडीवर हात उपडे ठेवून बसल्या होत्या आणि मध्येच म्हणाल्या, “मीच सांगितलं ना भरवायला. मनूला मीच सांगितलं.” मला वाईट वाटलं आणि भीतीही वाटली, आणि त्या भीतीत मी चिडलो. समोरच्या गाडीवाल्याला नको ते बोललो. घाटात एका वळणावर मैलाचे दगड मला दोन दिसले आणि मी गाडीचा वेग कमी केला. जवळ गेल्यावर खरोखरच दोन होते, एक जुना आणि एक नवा.

हरसूलला पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शाळेच्या आवारात योगिनीची खोली. दार आतून बंद. साधनाबाईंनी कडी वाजवली. आवाज नाही. पुन्हा वाजवली. मग दोन्ही हातांनी दार बडवायला लागल्या.   मी खांद्याने दार तोडायच्या बेतात होतो तेवढ्यात आतली कडी निघाली.

योगिनी दारात उभी होती. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले, पापण्या सुजलेल्या. साधनाबाईंनी तिच्या तोंडासमोर हात नेला. 

“किती बोटं?”

योगिनी आईकडे बघत राहिली. मग तिचे डोळे पूर्ण उघडले. “तीन,” ती म्हणाली. “आई, काय झालं?”

“हे किती?”

“एक. आई, मी बरी आहे. मनूला तीन दिवस ताप होता, दात येताहेत. दूध ओढत नव्हती. तीन रात्री झोपले नाही मी. ताप उतरला म्हणून आत्ता कुठे दोघींचा डोळा लागला होता.”

खाटेवर मनू पालथी पडली होती. दाराच्या आवाजाने जागी झाली आणि ठणठणीत रडायला लागली. साधनाबाईंनी तिला उचललं, छातीशी धरलं आणि खाली बसून स्वतःच रडायला लागल्या. रोशनबी उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, आत यायला धजत नव्हत्या. योगिनीने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. 

“पण मटार उकळून खाल्लेस ना?” साधनाबाईंनी विचारलं. “मनूला दिलेस? कधी दिलेस? अजून दिवस आहेत, अजून काही होऊ शकतं. उरलेल्या बरण्या कुठे आहेत?”

योगिनी मनूच्या दुपट्याची घडी घालायला लागली.

“अगं, बोल ना.”

“मी खाल्लेच नाहीत, आई. मनूलाही नाही दिले.”

“मग अजून बंद आहेत?”

“नाहीत. आणल्या त्याच आठवड्यात मागच्या खड्ड्यात ओतल्या. जनावरांनी तोंड घालू नये म्हणून वर चुना टाकला, माती ओढली.” ती खाली बघत बोलत होती. “दर वेळी तेच करते.”

“दर वेळी म्हणजे?”

“लग्न झाल्यापासून.”

सात वर्षं. दर संक्रांतीला बारा, दर आखाडाआधी आठ-दहा. मीच तर त्या पेट्या एसटीत चढवून द्यायचो. आणि परत येणाऱ्या बरण्यांत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ असायचं, उडीद असायचे, भगर असायची. साधनाबाई त्या नागलीची भाकरी मला देताना म्हणायच्या, माझे मटार तिकडे जातात, तिची नागली इकडे येते.

“मी प्रयत्न केला गं,” योगिनी म्हणाली. “पहिल्या वर्षी चार वेळा केला. झाकण उघडलं की मला तो ओटा दिसतो आणि तुझी बोटं दिसतात. घास तोंडात घेतला की गिळवत नाही. मग वाटतं, गिळवत नाही म्हणजे विषच लागलं. ज्ञानेशला द्यावे तर तो झोपला की मी त्याच्या पापण्या बघत बसणार. तुला कशी सांगू? तू स्टुलावर बसून एवढं करतेस. रिकाम्या बरण्या तरी कशा पाठवायच्या? म्हणून काहीतरी भरून पाठवत गेले.”

 मनू आजीच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्याशी बोटं घालून खेळत होती.

“बरं केलंस,” साधनाबाई शेवटी म्हणाल्या. “आज त्यामुळेच वाचलात.” त्यांना ते मनापासून म्हणायचं होतं, हे मला दिसत होतं. आणि ते म्हणताना त्यांचं काय होतंय, तेही दिसत होतं.

चहा झाला. मनूने आजीच्या हातून भाताची पेज खाल्ली. निघताना योगिनीने फळीवरून धुतलेल्या बारा बरण्या काढल्या, नागलीच्या पिठाचा डबा ओढला आणि पहिली बरणी भरायला घेतली. साधनाबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “रिकाम्याच दे.”

बारा बरण्यांची पेटी त्यांनी गाडीत मांडीवर घेतली. खड्डा आला की बरण्या वाजायच्या. भरलेल्या बरण्या अशा वाजत नाहीत. घाट उतरल्यावर रोशनबी मागून हळूच म्हणाल्या, “माझ्यामुळे झालं सगळं, साधना. ना मी ती बरणी ठेवली असती, ना तुला हे ऐकायला लागलं असतं.”

“तुझी एकच बरणी होती, आपा,” साधनाबाई म्हणाल्या. “तिला भिऊन आपण इथवर आलो. माझी पोर माझ्या सगळ्या बरण्यांना भीत होती.”

मला सांगावंसं वाटलं की बाई, काटा सातही वर्षं बरोबर होता, मी स्वतः तपासला होता, एका रेघेनेही चुकला नव्हता. पण नाही सांगितलं. गाडी चालवत राहिलो.